दिलेला शब्द आणि थकलेला चुकारा

कापूस पिकवणाऱ्या गावांत ‘चुकारा’ ह्या शब्दाला मोठे वजन आहे. माल घातला, वजन झाले, ग्रेडरने प्रत ठरवली, पावती हाती आली; पण व्यवहार संपला असे कोणी मानीत नाही. चुकारा हाती पडेल तेव्हा तो संपतो. तोवर दुकानदाराची उधारी, सालदाराचा हिशेब, मुलीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज सारे त्या एका कागदावर टांगलेले असते. यवतमाळ जिल्ह्याचा गेल्या सत्तर वर्षांचा राजकीय इतिहास चाळताना हाच शब्द वारंवार आठवतो. सरकारे आली आणि गेली. प्रत्येकाने शब्द दिला, लोकांनी मते घातली, पावतीही मिळाली. चुकारा मात्र थकत गेला.

हा इतिहास कोणा एका पक्षाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी सांगायचा नाही. तो पिंजरा पुरेसा रुंद आहे आणि त्यात सर्वांनाच जागा आहे. प्रश्न निराळा आहे. दिलेला शब्द पाळला गेला नाही, तर सामान्य माणसाने जाब विचारायचा कोणाला आणि कसा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला यवतमाळइतकी बोलकी भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

काळी जमीन आणि जाब विचारण्याची रीत

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो मुख्यतः त्याच्या काळ्या जमिनीमुळे आणि महसुलामुळे. पुढे १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच तो भाव उतरला. दूर देशीच्या घडामोडीवर आपल्या चुलीतला जाळ अवलंबून असतो, हा धडा येथल्या शेतकऱ्याने तेव्हाच घेतला. त्या काळी हा जिल्हा ‘वणी’ ह्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले.

राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची रीतही येथे जुनी आहे. यवतमाळला आपली कर्मभूमी करणाऱ्या लोकनायक बापूजी अणे ह्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. समुद्र नसलेल्या ह्या प्रदेशात मिठाऐवजी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला गेला. गुरांना चारा मिळत नाही आणि सरकार मात्र गवतावर हक्क सांगते, ही तक्रार साधी होती. म्हणूनच ती खेड्यापाड्यांना समजली. परक्या सरकारला प्रश्न विचारणे धोक्याचे असले, तरी एका अर्थी सोपे होते. तो आपला नव्हता आणि त्याने आपल्याला काही वचनही दिलेले नव्हते. स्वराज्यातला प्रश्न अधिक अवघड, कारण तेथे शब्द देणारा आपलाच असतो.

लेखी शब्द : नागपूर करार

विदर्भाला दिलेला पहिला मोठा शब्द तोंडी नव्हता, लेखी होता. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर अशा नेत्यांच्या सह्या त्यावर आहेत. राज्याचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात सर्व विभागांत वाटला जाईल, नोकऱ्यांत व शिक्षणात योग्य वाटा मिळेल, उच्च न्यायालयाचे कामकाज नागपुरातही चालेल आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दर वर्षी नागपूरला होईल, अशी त्याची कलमे होती. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती. तरीही विदर्भ मोठ्या राज्यात सामील झाला, तो ह्या शब्दाच्या भरवशावर. सर्वांनाच तो भरवसा वाटत होता असे नाही. खुद्द बापूजी अणे अखेरपर्यंत वेगळ्या विदर्भाच्या बाजूने राहिले आणि १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले.

ह्या कराराचे पुढे काय झाले ते लक्षपूर्वक पाहावे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळजवळ अखंड चालत आले आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठही तेथे आहे. ज्या कलमांना ठिकाण आणि वेळापत्रक होते, ती पाळली गेली. ज्यांना मोजमाप लागत होते, ती हवेत राहिली. विभागवार न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर टाकता यावी, अशी तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) मध्ये केली. पण त्यानुसार वैधानिक विकास मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. अडतीस वर्षे! त्याआधी १९८४ मध्ये वि. म. दांडेकर ह्यांच्या समितीने विभागांचा अनुशेष पहिल्यांदा आकड्यांत मांडला आणि सिंचनात विदर्भ किती मागे पडला हे सरकारी कागदावर आले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. घटनेत लिहिलेल्या शब्दाची ही कथा, तर सभेत दिलेल्या शब्दाची काय असेल?

वसंतराव नाईक आणि दोन कायदे

यवतमाळला सत्ता कधी मिळालीच नाही, असे म्हणता येणार नाही. पुसद तालुक्यातील गहुली ह्या छोट्या गावी १ जुलै १९१३ रोजी बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ ह्या काळात त्याच खुर्चीवर बसले. धान्यटंचाईच्या दिवसांत, दोन वर्षांत महाराष्ट्र स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, अशा आशयाचे उद्गार वसंतरावांनी पुण्यात जाहीरपणे काढले होते. संकरित ज्वारीच्या प्रसारासाठी त्यांनी जिवाचे रान केले, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात.

त्यांच्या कारकिर्दीत दोन मोठी आश्वासने कायद्याच्या वाटेने पुढे गेली. पहिले आश्वासन रोजगाराचे. १९७२ च्या भीषण दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा. त्यासाठी पैसा कोठून येईल तेही ठरवले गेले: शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबई-ठाण्यात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या पगारपत्रकावर त्या कराची ओळ आजही छापलेली असते. ती ओळ म्हणजे कोरडवाहू गावातल्या मजुराशी जडलेले आपले नाते होय. ह्या योजनेतही भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके निघाली. पण मजूर तहसील कचेरीसमोर उभा राहून ‘हा माझा हक्क आहे’ असे म्हणू शकला.

दुसरे आश्वासन कापसाच्या भावाचे. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. सहकारमंत्री यशवंतराव मोहिते तिचे प्रमुख पुरस्कर्ते. व्यापाऱ्याला दूर सारून सरकार स्वतः सारा कापूस घेईल, हमीभाव ताबडतोब देईल, आणि गाठी विकून नफा झाला तर त्यातला वाटा पुन्हा शेतकऱ्याला मिळेल, असा तिचा आराखडा होता. देशात इतरत्र कोठेही अशी योजना नव्हती. बाजारात भाव कोसळले तेव्हा ह्या योजनेने शेतकऱ्याला सावरले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

परंतु योजनेचा दुसरा चेहराही होता. कापूस दुसऱ्या कोणाला विकणे वा राज्याबाहेर नेणे हा गुन्हा ठरला. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादच्या बाजारात भाव चढा असला, की आपल्याच शेतातला कापूस घेऊन जाणारा शेतकरी नाक्यावर चोर ठरू लागला. चुकारे हप्त्याहप्त्यांनी येऊ लागले. भांडवल उभारणीसाठी म्हणून शेतकऱ्याच्या पैशातून तीन टक्के कापले जात. ते परत मिळण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी उभारलेली भिंत हळूहळू त्याच्याच भोवतीचे कुंपण झाली.

१९८६ हे वर्ष ह्या दृष्टीने विसरता येत नाही. १९ मार्च १९८६ रोजी ह्याच जिल्ह्यातील चिलगव्हाण गावच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवनयात्रा संपवली. ही बातमी महाराष्ट्राने सुन्न होऊन वाचली आणि विसरून गेला. त्याच वर्षी १० डिसेंबरला, शेजारच्या तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सुरेगाव येथे शेतकरी संघटनेच्या कापूस आंदोलनावर गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. एकाने मुकाट्याने प्राण दिला, दुसऱ्यांनी जाब विचारताना दिला. ह्या दोन वाटांच्या मध्ये तिसरी वाट असायला हवी होती. लोकशाही ती हीच.

विरोधात एक, सत्तेत दुसरे

दुटप्पीपणा हा शब्द जहाल वाटतो. पण घटनाक्रम मांडला की तो आपोआप ओठांवर येतो. डिसेंबर १९८० मध्ये विरोधी पक्षात असताना शरद पवारांनी जळगाव ते नागपूर अशी शेतकरी दिंडी काढली. शेतमालाला रास्त भाव ही तिची प्रमुख मागणी. तेच पवार २००४ पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते आणि विदर्भातील आत्महत्यांचे सर्वांत काळे पर्व त्याच काळातले आहे.

२००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी राज्यातल्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. कापसाला क्विंटलमागे २,७०० रुपये भाव देऊ, असे आश्वासन काँग्रेसने दिले. आघाडी निवडून आली. २००५ मध्ये मोफत वीज बंद झाली. कापसाचा भाव वाढणे दूरच, त्यावर मिळणारा ५०० रुपयांचा आगाऊ बोनसही त्या हंगामापासून काढून घेण्यात आला आणि एकाधिकार योजना नावापुरती उरली. मत मागताना २,७०० आणि माप घेताना केंद्राचा १,९८० रुपयांचा हमीभाव, असा तो हिशेब. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातील डोर्ली गावाने ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला. हा संताप होता, तसाच तो एक प्रकारचा हिशेबही होता.

सरकारने हालचाल केली नाही असे नाही. डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटींचे पॅकेज दिले. पुढच्या वर्षी सहा जिल्ह्यांतील सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी झाली. बहुसंख्य कुटुंबे अडचणीत असल्याची कबुली सरकारच्याच कागदांनी दिली. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलै २००६ रोजी, म्हणजे वसंतरावांच्या जन्मदिनी, त्यांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातील २,१७७ कोटी सिंचनासाठी आणि ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीसाठी होते. व्याज माफ झाले, मुद्दल राहिले. सिंचनाचा पैसा धरणांच्या कामांत गेला. ज्याच्या बांधावर त्या साली पाणी हवे होते, त्याच्यापर्यंत तो कसा पोहोचणार?

२००८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात साठ हजार कोटींची कर्जमाफी आली, तिलाही अशीच एक मेख होती. संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. ओलिताच्या ऊसपट्ट्यात पाच एकरांचा धनी सुखवस्तू असू शकतो; यवतमाळच्या कोरडवाहू मातीत आठ-दहा एकरांचा धनीही कर्जबाजारी असतो. कागदावर तो ‘मोठा’ शेतकरी ठरला. सावकाराचे कर्ज तर कोणत्याच यादीत नव्हते.

सर्वांत वेदनादायी प्रकरण ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ह्या शब्दांचे आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपये साहाय्य देण्याचा निर्णय जानेवारी २००६ मध्ये झाला. तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी जमीन नावावर असल्याचे, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे असल्याचे आणि वसुलीचा तगादा असल्याचे सिद्ध करावे लागे. म्हाताऱ्या बापाच्या नावावर सातबारा असेल तर कसणारा मुलगा शेतकरी नव्हे. स्त्री आयुष्यभर निंदणी-वेचणी करो, सातबाऱ्यावर नाव नसेल तर तीही शेतकरी नव्हे. मरणानंतरही माणसाला रांगेत उभे राहून आपले दुःख सिद्ध करावे लागले.

दाभडीचा चहा

२० मार्च २०१४ रोजी लोकसभेच्या प्रचारात नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातील दाभडी गावी आले आणि त्यांनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. ती देशभर दाखवली गेली. उत्पादनखर्चावर किमान पन्नास टक्के नफा, हे त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या जाहीरनाम्यातील वचन होते. मूळ सूत्र डॉ. स्वामीनाथन ह्यांच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे, २००६ सालचे. ते आधीच्या सरकारनेही बासनात गुंडाळून ठेवले होते.

सत्तांतर झाले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१३-१४ मध्ये ४,००० रुपये होता, तो २०१४-१५ मध्ये ४,०५० झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, की खर्चावर पन्नास टक्के वाढ देणे शक्य नाही, त्याने बाजाराचा तोल बिघडेल. १ फेब्रुवारी २०१८ च्या अंदाजपत्रकात मात्र तेच वचन पुरे केल्याची घोषणा झाली आणि त्या वर्षी भाव ५,४५० रुपयांवर गेला. वाढ खरी होती. पण ‘खर्च’ ह्या शब्दाचा अर्थ बदललेला होता. आयोगाच्या सूत्राचा आग्रह धरणारे शेतकरी जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज खर्चात धरतात. सरकारने प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढेच धरले. शब्द पाळला असे दोन्ही बाजू आपापल्या परीने सांगू शकतात, अशीच ही रचना. २०२५-२६ साठी हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवण्यात आले. एका हाताने वाढलेले ताट दुसऱ्या हाताने सरकवणे, ह्याला दुसरे काय म्हणावे?

मग जाब विचारायचा कसा?

न्यायालयात? न्यायालयांनी आपले काम काही प्रमाणात केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये आत्महत्यांचा अभ्यास केला आणि त्यामुळे सरकारला डोळे मिटून बसणे अशक्य झाले. परंतु निवडणुकीचा जाहीरनामा हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी नेता येईल असा करार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ च्या निकालात जाहीरनाम्यातील आश्वासनांना भ्रष्ट आचरण मानण्यास नकार दिला आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. त्यानुसार, आश्वासन पुरे करण्यासाठी पैसा कोठून येणार हे पक्षांनी सांगावे अशी अपेक्षा आचारसंहितेत आली. अपेक्षाच ती, तिला दंड नाही.

आंदोलनात? पांढरकवड्याचे किशोर तिवारी आणि त्यांची विदर्भ जनआंदोलन समिती ह्यांनी प्रत्येक आत्महत्येची नोंद ठेवली, रोज पत्रके काढली. सरकार आकडा लपवू शकले नाही, ह्याचे बरेचसे श्रेय त्या चिवट नोंदवहीला आहे. २०१५ मध्ये सरकारने त्यांनाच वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशनचे अध्यक्ष केले. खुर्चीत बसूनही ते बोलत राहिले. पण खुर्चीला बोलण्याचा अधिकार असतो, तिजोरीचा नसतो, हेही ह्या निमित्ताने दिसले.

सबंध इतिहासातून माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. नागपूर करारातील अधिवेशनाचे कलम टिकले, कारण त्याला ठिकाण आणि नियमितपणा होता. रोजगार हमी टिकली, कारण तिला मुदत होती, न पाळल्यास दंड होता आणि पैशाची सोय होती. सभेतला २,७०० चा भाव आणि दाभडीचे पन्नास टक्के ह्यांना ह्यापैकी काहीच नव्हते. तेव्हा मत मागायला येणाऱ्याला आपण ‘काय देणार?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘केव्हापर्यंत? कोणत्या पैशातून? आणि न दिल्यास काय?’ हे तीन प्रश्न विचारले, तर अर्धी आश्वासने व्यासपीठावरच गळून पडतील. उरतील त्यांच्यामागे ग्रामसभेचा ठराव, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आणि पुढचे मत ही साधने आपल्या हाती आहेत.

ह्यात आपलाही वाटा आहे, तो झाकून ठेवू नये. सरकार विसरते, कारण आपण विसरतो. निवडणुकीनंतर जाहीरनामा रद्दीत जातो आणि जाती-पातीचे, जवळच्या-लांबच्याचे हिशेब सुरू होतात. कापसाचा सदरा अंगावर असताना कापूस पिकवणाऱ्याचे मरण ही दूरच्या जिल्ह्यातील बातमी वाटते. राज्यकर्त्यांचा दांभिकपणा आपल्या विस्मरणावर पोसला जातो.

२०१७ पासून दर वर्षी १९ मार्चला महाराष्ट्रातील अनेक माणसे चिलगव्हाणच्या त्या कुटुंबाच्या स्मरणार्थ एक दिवस अन्नत्याग करतात. त्यात शेतकरी आहेत, तसे शहरात नोकरी करणारी शेतकऱ्यांची मुलेही आहेत. एका दिवसाच्या उपवासाने भाव वाढत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी तारीख उच्चारली जाते, गावाचे नाव घेतले जाते आणि विसरायला कोणाला सवड मिळत नाही.

यवतमाळच्या शेतात दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीला सीतादही करतात. पऱ्हाटीला दहीभात वाहून मगच कापसाला हात लावतात. तेथून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटचे बोंड वेचून शेत मोकळे होईपर्यंत, घरातले सारे आयुष्य त्या झाडांभोवती फिरते. त्या हंगामात गावात जे पुढारी येतील, त्यांचे शब्द एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पावती जपून ठेवल्याशिवाय चुकारा मागता येत नाही, हे कापूसवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपण ते त्याच्याकडून शिकावे.